ताबा नंतर, ठिकाण आधी

जूनमध्ये शाळा सुटली की आई मुलाला घेऊन न्यू जर्सीहून पुण्याला माहेरी येते. परतीचं तिकीट ऑगस्टअखेरचं असतं. ती तारीख उलटते, मूल पुण्यातच राहतं आणि सप्टेंबरात त्याचं नाव इथल्या शाळेत घातलं जातं. तिकडे वडील मूल परत आणण्याचा आदेश मिळवतात, इकडे आई ताब्यासाठी कौटुंबिक न्यायालयात अर्ज करते. कधी पात्रं उलटी असतात: बाप मुलाला घेऊन निघून आलेला असतो आणि आई परक्या देशात एकटी उरलेली असते. दोन देश, दोन न्यायालयं, परस्परविरोधी दोन आदेश आणि मूल एकच. आयटीच्या नोकऱ्यांमुळे पुण्या-मुंबईची घरं जगभर पांगली, तशी ही भांडणंही आपल्या ओळखीपाळखीत येऊन पोचली आहेत.

अशा वेळी सगळ्यांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो म्हणजे मूल कोणाकडे राहावं. नातेवाईक, वकील आणि पुष्कळदा न्यायालयंही तिथूनच सुरुवात करतात. मला ही सुरुवातच चुकीची वाटते. ताब्याचा निवाडा कोणत्या देशात व्हावा, हे आधी ठरायला हवं. तो प्रश्न त्या मानानं लहान आहे आणि काही आठवड्यांत सोडवता येतो. तो वेळेत सोडवला नाही, तर ताब्याचा मोठा प्रश्न कोणताच न्यायाधीश सोडवत नाही. उलटलेली वर्षंच तो परस्पर निकालात काढतात.

हेग इथे २५ ऑक्टोबर १९८० रोजी झालेला आंतरराष्ट्रीय करार नेमका या लहान प्रश्नापुरता आहे. १ डिसेंबर १९८३ पासून तो अमलात आला आणि आज शंभरहून अधिक देश त्यात आहेत. दुसऱ्या पालकाचा ताब्याचा हक्क डावलून सोळा वर्षांखालच्या मुलाला त्याच्या नेहमीच्या राहत्या देशातून नेलं, किंवा सुट्टीला म्हणून नेऊन ठेवून घेतलं, तर ते लवकरात लवकर परत पाठवायचं, असं तो सांगतो. ताबा कोणाला द्यायचा याचा निवाडा मूल जिथे नेलं गेलं तिथल्या न्यायालयानं करायचा नाही. तो मूल जिथे वाढत होतं तिथे व्हायचा, कारण त्याच्या शिक्षिका, डॉक्टर, शेजारी, पोलिसांकडच्या तक्रारी, असल्या तर, सगळं तिथे असतं. प्रत्येक सदस्य देशात यासाठी एक केंद्रीय प्राधिकरण असतं. मागे राहिलेला पालक स्वतःच्याच देशातल्या प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतो. मूल शोधण्याचं आणि परदेशातल्या न्यायालयापर्यंत प्रकरण नेण्याचं काम मग दोन प्राधिकरणं मिळून करतात. सहा आठवड्यांत निकाल लागला नाही, तर विलंबाचं कारण विचारता येतं.

करारात अपवाद आहेत. वर्ष उलटून गेल्यावर अर्ज आला आणि मूल नव्या जागी रुळलं असेल, तर न्यायालय परत पाठवायला नकार देऊ शकतं. परत गेल्यानं मुलाला शारीरिक वा मानसिक इजेचा गंभीर धोका असेल, किंवा त्याची अवस्था असह्य होणार असेल, तरीही. आणि पुरेशी समज आलेलं मूल स्वतःच विरोध करत असेल, तर त्याचंही ऐकता येतं. सहा आठवड्यांची मुदत सगळीकडे पाळली जाते असं समजू नये. २०२१ मध्ये आलेल्या अर्जांचा जो अभ्यास झाला, त्यात निकालाला सरासरी दोनशेहून अधिक दिवस लागल्याचं दिसलं. तरी दोनशे दिवस आणि आपल्याकडची आठ-दहा वर्षं यांत मुलाच्या दृष्टीनं एका बालपणाचं अंतर आहे.

भारत या करारात नाही. नाही म्हणून इथे काही कायदाच नाही असं नव्हे. मागे राहिलेला पालक उच्च न्यायालयात किंवा थेट सर्वोच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची याचिका करतो, मूल न्यायालयापुढे आणलं जातं, आणि मग न्यायमूर्ती मुलाचं हित कशात आहे ते पाहतात. पोलिसांकडे जाऊन फारसं काही होत नाही. न्यायालयाचा मनाई आदेश नसेल तर बापानं स्वतःचं मूल नेणं हा अपहरणाचा गुन्हा होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२३ मध्ये म्हटलं आहे. भारतातल्या भारतात ही अवस्था, तर सीमेपलीकडून आलेल्या पालकाची गत काय सांगावी.

आपल्या न्यायालयांनी या विषयात सुरुवात मात्र फार चांगली केली होती, आणि त्या निकालांकडे आज पुन्हा नीट पाहायला हवं. १९८४ च्या एका प्रकरणात इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका माणसानं पत्नीला मारण्याचा कट रचला होता. त्याला शिक्षा झाली. पत्नीनंच रदबदली केल्यामुळे तो प्रोबेशनवर सुटला आणि लहान मुलाला घेऊन भारतात निघून आला. ती इंग्लंडमधल्या कारखान्यात काम करून पोट भरणारी बाई. तिनं इथे येऊन दाद मागितली. उच्च न्यायालयात ती हरली. सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी मूल तिच्या हवाली केलं. नवरा-बायकोनं जिथे संसार मांडला आणि मूल जिथे जन्मलं, त्या देशाच्या न्यायालयाला ताबा ठरवण्याचा अधिकार आहे. मूल उचलून दुसरीकडे नेल्यानं तो अधिकार पुसला जात नाही, असा त्या निकालाचा गाभा होता.

दुसरं प्रकरण तर पुण्याचंच. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये एका अमेरिकन बाईचा आणि तिच्या भारतीय नवऱ्याचा घटस्फोट झाला. मुलाचा ताबा आईकडे आला, वडिलांना शनिवार-रविवारच्या भेटीचा हक्क मिळाला. जानेवारी १९८६ मध्ये भेटीच्या निमित्तानं वडिलांनी सात वर्षांच्या मुलाला नेलं ते थेट भारतात, पुण्याला आजीआजोबांच्या घरी. अमेरिकन वकिलातीचे अधिकारी मुलाची विचारपूस करायला पुण्याला येऊन गेले. आईनं थेट सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. न्यायमूर्तींनी मुलाला चेंबरमध्ये बोलावलं, त्याच्याशी बोलले, आणि स्वतंत्र मत बनवण्याइतकं त्याचं वय झालेलं नाही असं त्यांना दिसलं. तो काही महिने पुण्यात राहिला होता, शाळेत जात होता. वडिलांच्या बाजूनं नेमका हाच मुद्दा मांडता येण्याजोगा होता. न्यायालयानं तो महत्त्वाचा मानला नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये, म्हणजे मूल नेल्यापासून वर्षाच्या आत, ते आईबरोबर मिशिगनला परत गेलं.

दोन्ही प्रकरणांत मूल पळवणारा बाप होता आणि मूल परत मागणारी आई. 'परत पाठवा' या नियमानं तेव्हा बाईला न्याय मिळाला. हे आज विसरलं जातं म्हणून मुद्दाम सांगतो.

पुढे चित्र पालटलं. १९९७ च्या एका निकालात मूल जेमतेम महिन्याभराचं असताना आईनं अमेरिकेतून भारतात आणलं होतं. मुंबई उच्च न्यायालयानं ताबा वडिलांना दिला होता. सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. तो निकाल आला तेव्हा मुलानं बारा वर्षं ओलांडली होती. निकाल योग्यच होता असं मला वाटतं. बारा वर्षं जे घर त्याचं होतं, त्यातून त्याला उचलून अनोळखी बापाकडे पाठवणं क्रूर झालं असतं. पण ही बारा वर्षं कोणी खर्ची घातली, हा प्रश्न त्या योग्य निकालानं सुटत नाही. त्यानंतरच्या काळात न्यायालयं कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला झुकत राहिली. २०१५ मध्ये एका खंडपीठानं म्हटलं की परदेशी न्यायालयानं आधी आदेश दिला असेल तर त्याला मान द्यावा. २०१७ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानं ते बाजूला सारलं: परदेशी आदेश हा विचारात घ्यायच्या अनेक गोष्टींपैकी एक, मुलाचं हित सर्वोपरी. २०१९, २०२० आणि २०२२ मध्ये पुन्हा मुलं अमेरिकेला परत पाठवणारे निकाल आले. न्यायमूर्ती अभय ओक यांच्या जानेवारी २०२२ च्या निकालात मूल परत पाठवताना एक गोष्ट स्वच्छ म्हटली आहे: न्यायालय आईला परदेशी जायची सक्ती करू शकत नाही, पण तिला जायचं असेल तर बापानं तिच्या प्रवासाची आणि राहण्याची सोय करायची.

'मुलाचं हित' या शब्दांना विरोध कोण करील? मीही करत नाही. पण या शब्दांखाली आपल्याकडे प्रत्यक्षात काय होतं ते पाहावं लागतं. हिताची पूर्ण चौकशी करायची म्हणजे दोन्ही बाजूंची प्रतिज्ञापत्रं, समुपदेशकाचा अहवाल, मध्यस्थीच्या फेऱ्या, तारखा, मग अपील. तोपर्यंत मुलाची शाळा बदलते, त्याचे मित्र इथे होतात, इंग्रजी उच्चार पालटतो, आजीच्या हातचं जेवण सवयीचं होतं. परदेशातल्या बापाशी किंवा आईशी आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉल असतो. मूल हॉलमधल्या सोफ्यावर बसून मोबाइलसमोर दहा मिनिटं चित्रं दाखवतं. मागून कोणीतरी 'पप्पांना गुड नाइट म्हण' असं सुचवतं, आणि पलीकडे सकाळ असते. काही महिन्यांनी कॉलला 'आज क्लास आहे' हे कारण मिळतं. शेवटी न्यायालयापुढे येतं ते इथे पूर्ण रुजलेलं मूल, आणि त्याला हलवणं त्याच्या हिताचं नाही हे कोणालाही दिसतं. म्हणजे ज्यानं मूल नेलं त्याला फक्त लांबण लावायची असते. या खेळात बाप आईपेक्षा वाईट किंवा आई बापापेक्षा वाईट असं काही नाही. ज्याच्या हातात मूल आहे तो जिंकतो.

याची झळ मुलाला लागते. ते एका पालकावर रागावलेलं आणि दुसऱ्याबद्दल अपराधी वाटत मोठं होतं, आणि हे दोन्ही बोलायला त्याला घरात कोणी नसतं.

मग भारत करारात का नाही? विधि आयोगानं २००९ मध्ये २१८ व्या अहवालात करारात सामील व्हावं अशी शिफारस केली. २०१६ मध्ये महिला व बालविकास मंत्रालयानं विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला, त्याच वर्षी विधि आयोगानं २६३ व्या अहवालात त्यात सुधारणा सुचवल्या. न्यायमूर्ती राजेश बिंदल यांच्या समितीनं एप्रिल २०१८ मध्ये अहवाल दिला. कायदा झाला नाही. अडलं ते एका आक्षेपावर, आणि तो आक्षेप मी हलका मानत नाही. हा करार १९७० च्या दशकातला अनुभव समोर ठेवून लिहिला गेला. तेव्हा कल्पना अशी होती की ताबा नसलेला बाप चिडून मूल पळवतो. आज परिस्थिती उलट आहे. २०२१ च्या अर्जांत मूल नेणाऱ्यांपैकी सुमारे ७५ टक्के आया होत्या, आणि त्यांतल्या बहुतेकींच्याच हातून मुलाचं रोजचं संगोपन होत होतं. त्यांतल्या कित्येकी मार खाऊन, घाबरून निघालेल्या असतात. भारतीय बाईची अडचण याहून एक पायरी पुढची. ती नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेल्या अवलंबितांच्या व्हिसावर अमेरिकेत गेलेली असते. घटस्फोट झाला की तिचा तिथे राहायचा हक्कच संपतो. बँकेचं खातं नवऱ्याच्या नावावर, वकिलाची फी डॉलरमध्ये, जवळ आईवडील नाहीत. शिवाय १९९३ च्या अमेरिकी कायद्यानुसार दुसऱ्या पालकाचा हक्क डावलण्यासाठी मूल देशाबाहेर नेणं हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. परत गेली तर विमानतळावर अटकेची भीती. अशा बाईला 'मूल परत पाठव, न्याय तिथे माग' असं सांगणं म्हणजे न्यायालयाचं दार दाखवायचं आणि त्या गावाला जायचा रस्ता बंद करायचा.

हा आक्षेप खरा आहे. त्यावर काढलेला निष्कर्ष, म्हणजे करारापासून दूर राहावं, हा मात्र मला मान्य नाही. कारण त्याची किंमत मोजणाऱ्या दुसऱ्या बायका आपण मोजतच नाही. नवरा बायकोला आणि मुलाला सुट्टीला म्हणून भारतात आणतो, तिचा पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड घेऊन मुलासकट परत जातो आणि तिला माहेरच्या दारात सोडून देतो, हे प्रकार पंजाबात, गुजरातेत, आपल्याकडेही घडतात. ती बाई आपल्या देशाच्या केंद्रीय प्राधिकरणाकडे जाऊन 'माझ्या मुलाच्या भेटीचा हक्क मला मिळवून द्या' असं म्हणू शकत नाही, कारण तसं प्राधिकरणच नाही. मूल भारतात वाढत असताना बापानं ते लंडनला नेलं, तर ते परत आणा म्हणणाऱ्या आईलाही हीच वाट बंद. परदेशात व्हिसा, वकील, दुभाषा, भाडं, सगळं तिनं स्वतःच उभं करायचं. १९८४ आणि १९८६ च्या त्या दोन आयांसारख्या बायका आजही आहेत. कराराबाहेर राहून आपण पळून आलेल्या बाईला आडोसा देतो आणि मागे सोडलेल्या बाईला वाऱ्यावर सोडतो.

करारात शिरून हिंसाचाराला दार बंद करता येतं, हे इतर देशांनी दाखवलं आहे. स्वित्झर्लंडनं २००९ पासून अमलात असलेल्या आपल्या कायद्यात 'असह्य अवस्था' कशाला म्हणायचं ते स्वतःच स्पष्ट केलं: मूल नेणाऱ्या पालकाला त्या देशात परत जाऊन मुलाची काळजी घेणं शक्य नसेल, किंवा तशी अपेक्षा करणंच गैर असेल, तर त्याचा विचार करावा. मुलासाठी स्वतंत्र प्रतिनिधी नेमणं त्यांनी बंधनकारक केलं. जपान कित्येक वर्षं बाहेर राहून २०१४ मध्ये करारात आला, तो स्वतःच्या अटी घरच्या कायद्यात लिहूनच. मुलाच्या डोळ्यांदेखत आईला मारहाण होण्याचा धोका आहे का, त्या देशात परत जाऊन मूल सांभाळणं तिला जमणार आहे का, हे न्यायालयानं पाहिलंच पाहिजे असं तिथला अंमलबजावणी कायदा सांगतो. अवलंबितांच्या व्हिसावरच्या मराठी मुलीच्या अडचणीला ही तरतूद अगदी लागू पडते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानंही जून २०२२ मध्ये, इटलीतून बाळ घेऊन निघालेल्या आईच्या प्रकरणात, गंभीर धोका सिद्ध झाल्यावर मूल परत पाठवण्यासाठी खालच्या न्यायालयानं सगळ्या तोडग्यांची यादी धुंडाळत बसण्याची गरज नाही असं म्हटलं. बिंदल समितीच्या मसुद्यात पळून आलेल्या पालकावरची घरगुती हिंसा हा परत न पाठवण्याचा स्वतंत्र आधार होता. तो मसुदा बाहेर काढून, धूळ झटकून, संसदेपुढे ठेवण्याजोगा आहे.

एकट्यादुकट्या न्यायालयाच्या सदिच्छेवर विसंबून काय होतं, याचा धडा आपण घेऊन झालेला आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन विरुद्ध एक अशा बहुमतानं दिल्लीतल्या एका मुलाचा ताबा केनियातल्या वडिलांना दिला. आईचे भेटीचे हक्क शाबूत राहावेत म्हणून वडिलांनी केनियातल्या न्यायालयाकडून तसाच आदेश, ज्याला वकील मिरर ऑर्डर म्हणतात, आणावा अशी अट घातली. आदेश आणल्याचं दाखवलं गेलं, मूल गेलं. मग वडिलांनी भारतीय न्यायालयाचे आदेश जुमानले नाहीत. वर्षभरानं सर्वोच्च न्यायालयाला आपलाच निकाल मागे घ्यावा लागला, पुढे अवमानाबद्दल वडिलांना शिक्षाही सुनावली. पण मूल केनियात, बाप केनियात आणि शिक्षेचा कागद दिल्लीत. मुलांच्या संरक्षणासाठी दिलेले आदेश एका देशातून दुसऱ्या देशात आपोआप मान्य व्हावेत आणि अमलात आणता यावेत यासाठी १९९६ चा वेगळा हेग करार आहे. भारत त्यातही नाही. अमेरिकेनं त्यावर २०१० मध्ये सही केली, पण मंजुरी अजून दिलेली नाही. ज्या देशांत आपली मुलं सर्वांत जास्त आहेत त्यांच्याशी या बाबतीत स्वतंत्र बोलणी करावी लागतील. करारावर नुसती सही करून हे काम उरकणार नाही.

तेव्हा मागणी अशी हवी: करारात यावं, आणि त्याच दिवशी स्वतःचा कायदा अमलात आणावा. अशी प्रकरणं प्रत्येक उच्च न्यायालयात एकाच ठरलेल्या पीठापुढे जावीत. मुंबई उच्च न्यायालयानं हे स्वतःहून सुरू करायलाही हरकत नाही. मूल कुठे पाठवायचं याचा निकाल ठरावीक आठवड्यांत. तोवर मुलाला दोन्ही पालकांशी बोलता-भेटता येईल याची न्यायालयानं घातलेली पद्धत. हिंसाचाराचा आरोप असेल तर त्याची लगेच, पुराव्यांसह तपासणी. आरोप केला म्हणून आपोआप सुटका नाही, आणि आरोप केला म्हणून बाईकडे संशयानं पाहणंही नाही. परत पाठवायचं ठरलं तर आधी पलीकडचं वॉरंट मागे, आईचा व्हिसा आणि राहायची जागा हातात, मग विमान.

आणि कायदा होईपर्यंत एक गोष्ट परदेशातल्या आपल्या लोकांना करता येण्याजोगी आहे. मूल घेऊन भारतात परत जायची परवानगी तिथल्याच न्यायालयाकडे मागता येते. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात हा रोजचा, कायदेशीर अर्ज आहे, पण माहेरी फोन करून रडणाऱ्या मुलीला तो कोणी सांगत नाही. तिला सांगितलं जातं की सुट्टीला ये, पुढचं पाहू. बृहन्महाराष्ट्र मंडळानं आणि गावोगावच्या मराठी मंडळांनी गणपतीच्या कार्यक्रमाइतक्याच निष्ठेनं ही माहिती, स्थानिक कायदा सहाय्य संस्थांचे आणि महिला आश्रयगृहांचे फोन नंबर, नव्यानं आलेल्या प्रत्येक घरात पोचवले पाहिजेत. तो अर्ज मंजूर होईलच असं नाही, वेळ आणि पैसाही लागतो. पण मंजूर झाला, तर मूल घेऊन ती पुण्याला उतरते तेव्हा तिच्या मागे वॉरंट नसतं, मुलाच्या बापाकडे भेटीच्या तारखा लेखी असतात, आणि डिसेंबरच्या सुट्टीत त्याला त्याच्याकडे पाठवताना ते परत येईल की नाही ही धास्ती तिला बाळगावी लागत नाही.